धवलारिणीचं कमिशन

लाऊडस्पीकरचा सेट मला ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या स्पीकरवाल्याने विकला, कारण त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. बहिऱ्या माणसाच्या हातात आवाज दिला की तो वाढतच जातो आणि लोक शिव्या देतात, असं त्याने मला हसत हसत सांगितलं. एक अँप्लिफायर, दोन भोंगे, रेकॉर्ड फिरवायची ताटली, दोन माईक, त्यातला एक मुका, आणि पत्र्याची ट्रंक भरून रेकॉर्डी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वाशीजवळ पावणे गावात एका वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचो, त्यामुळे तारा, फ्यूज, सोल्डर यांची मला भीती नव्हती. मराठवाड्यातल्या आमच्या गावी जयंतीच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून भोंगे बांधत आलो होतो. रविवारी आणि सुटीच्या दिवशी हा जोडधंदा करू, असा विचार होता.

वाशीच्या नव्या वसाहतीत आमचं एका खोलीचं घर होतं. बायकोने सेट बघितला आणि हे ठेवायचं कुठं, एवढंच विचारलं. पण ट्रंक उघडली आणि ती खालीच बसली. एकेक रेकॉर्ड बाहेर काढून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायला लागली. संध्याकाळपर्यंत तिने तीन ढीग केले होते. हळदीच्या वेळची गाणी एकीकडे, जेवणाच्या पंगतीची दुसरीकडे, आणि पोरगी सासरी निघताना लावायची तिसरीकडे. बाजूला एक लहानसा चौथा ढीगही होता. ती गाणी कुठेच लावायची नाहीत, असं तिने ठरवून टाकलं. त्यातली दोन-तीन मला फार आवडायची.

पहिलं काम आमच्याच बिल्डिंगमधल्या बारशाचं मिळालं. त्यानंतर सत्यनारायण, वाढदिवस, मग पावणे गावात एक साखरपुडा. तीनचाकी टेम्पोत सामान टाकायचं, मागे मी भोंगे धरून बसायचो, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी ती मांडीवर ताटली घेऊन. वायरी आणि जोडणी माझी, गाणी तिची. मांडवातल्या बायका आधी तिला पाहुणी समजायच्या. मग ती टेबलामागे बसून पदर खोचायची, रेकॉर्डवर अलगद पिन ठेवायची, आणि कोणीतरी शेजारणीला कोपराने ढोसून दाखवायचं की बघ, बाई लावते. ती मांडवावर नजर ठेवून असायची. नवरदेवाची आत्या रुसून कोपऱ्यात बसलेली दिसली की ती एक विशिष्ट रेकॉर्ड लावायची, आणि पाच मिनिटांत आत्या उठून फुगडी घालायला तयार. हे तिला कसं कळायचं, मला आजही सांगता येणार नाही.

त्याच सुमारास आमच्या भागात पहिलं मोठं मंगल कार्यालय उघडलं. त्याचे व्यवस्थापक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. पांढरा सफारी, टेबलावर फोन, फोनवर क्रोशाचा रुमाल. हॉल ठरवायला येणारा प्रत्येक जण त्यांनाच विचारायचा की आचारी कोण, फुलवाला कोण, स्पीकर कोणाचा. ते ज्याचं नाव सांगतील त्याला काम. मीही एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्यांनी चहा मागवला, माझा दर विचारला, आणि गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाले, "शंभरामागे पंधरा माझे."

मग त्यांनी समजावूनही सांगितलं. फुलवाला देतो, आचारी देतो, घोडेवाला सुद्धा देतो. मी गिऱ्हाईक शोधत दारोदार फिरलो असतो तर माझ्या चपला झिजल्या असत्या. ते पैसे चपलांचे समजावेत. फक्त लग्नघरच्यांना हे सांगायची काही गरज नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. पंधरा रुपयांचं तिला काही वाटलं नाही. तिला खटकलं ते शेवटचं वाक्य. "देण्याघेण्याचं हाय तर मग लपवायचं कशाला?" असं ती भाकरी थापता थापता म्हणाली. मी म्हटलं, धंद्यात असंच असतं. खरं म्हणजे मलाच नीट माहीत नव्हतं कसं असतं ते.

पण त्या हंगामात आमची चैन झाली, हे कबूल केलं पाहिजे. एकेका आठवड्याला दोन-दोन लग्नं. मी वर्कशॉपमध्ये पाळ्या बदलून घ्यायचो. भोंगे हॉलमध्ये फार कर्कश वाटायचे म्हणून मी लाकडी खोक्यांचे दोन उभे स्पीकर बनवले आणि त्यांना बायकोने स्वतःच्या जुन्या जांभळ्या साडीचं कापड लावलं. जेवण तर प्रत्येक ठिकाणी. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, ती टेबलाखाली गादीवर बसून जिलबी खायची, आणि घरी वरणभात दिला की लग्न नाही का आज, म्हणून विचारायची. हॉलसाठी मी माझा दर पंधरा रुपयांनी वाढवला होता. कोणी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

विचारलं ते एका मुलीच्या बापाने. आमच्या मराठवाड्याकडचाच माणूस, महाप्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर. पावण्याच्या साखरपुड्याला तो पाहुणा म्हणून आलेला होता आणि तिथला आमचा दर त्याच्या लक्षात होता. पाव्हणे, तिथं शंभर अन् इथं एकशे पंधरा कसे, असं त्याने सहज विचारलं. मी वायरी गुंडाळण्यात फार गुंतल्यासारखं केलं. बायकोने रेकॉर्ड उचलून कव्हरमध्ये घातली आणि सरळ सांगितलं, "वरचे पंधरा ऑफिसातल्या सायबाचे हायत, दादा."

तो माणूस रागावला नाही. उलट हसला. पण लग्न आटोपल्यावर तो ऑफिसात गेला आणि हॉलच्या भाड्यातून पंधरा रुपये कमी करून मागितले. चार पाहुण्यांच्या देखत. व्यवस्थापकांनी ते कमी केले, पावतीवर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी मला निरोप पाठवला की यापुढे दुसऱ्या स्पीकरवाल्याची सोय झाली आहे.

तो दुसरा खरंच चांगला निघाला. त्याच्याकडे कॅसेटचा डेक होता, रंगीत दिवे होते. मी दोन दिवस बायकोशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की तिने जे सांगितलं ते पुन्हा विचारलं तरी तेच सांगेल, आणि मी असा तोंड पाडून बसलो तर वरणाला चव येत नाही. मला हसू आलं आणि तो विषय तिथेच मिटला.

हॉल सुटला तसे आम्ही पुन्हा गावांतून फिरायला लागलो. पावणे, तुर्भे, कोपरखैरणे. खाडीच्या कडेची ही जुनी आगरी गावं, एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची धुराडी. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या होत्या, भरपाईचे पैसे आले होते, आणि लग्नं दणक्यात व्हायची. अशाच एका हळदीला आम्हाला ती म्हातारी भेटली.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. लग्नातले विधी ती गाण्यातून चालवते, देवांना आवतण देते, कुळातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, हळद कधी लावायची, पाणी कधी आणायचं हे सगळं तिच्या गाण्यावर चालतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. दुपारचे चार वाजले होते, यजमानांनी दणक्यात वाजवा म्हणून सांगितलं होतं, आणि मी एक भोंगा चिंचेवर, एक घराच्या कौलांवर बांधून आवाज पुरता सोडला होता. मांडवाच्या मधोमध पाटावर एक सत्तरीची, काळी, सडसडीत बाई बसली होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. आवाज आमच्या गाण्याखाली गाडला गेला होता.

थोड्या वेळाने ती उठली. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश, आमच्या टेबलापर्यंत आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. बायकोला म्हणाली, "बाय, ह्ये बंद कर. देव येनार कसे? त्यांना ऐकू नको जायाला?"

बायकोने ताबडतोब पिन उचलली. मांडव एकदम शांत झाला. यजमान धावत आले, आजी, चालू दे की, पाहुण्यांना आवडतंय, असं काहीतरी म्हणायला लागले. म्हातारी उभीच राहिली. तेव्हा बायकोने माईक उचलला, त्याची वायर सोडवत मांडवात गेली, आणि पाटासमोर एका उलट्या घातलेल्या घमेल्यावर तो ठेवून दिला. आजी, इथं बसून म्हणा, म्हणाली. म्हातारीने माईककडे संशयाने पाहिलं. ह्याला काय खायाला लागतं, असं तिने विचारलं, आणि बायका हसल्या. मग ती बसली, डोळे मिटले आणि सुरू झाली.

पहिल्या ओळीला ती थांबली. चिंचेवरून तिचाच आवाज खाली येत होता, नंतर कौलांवरून, आणि मागोमाग मिठागरांवरून अस्पष्टसा परत. तिने मान वर करून झाडाकडे बघितलं. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. पदर डोक्यावर सारखा केला, जराशी पुढे सरकली, आणि दुसरी ओळ अशी उचलली की माझ्या अंगावर काटा आला. चिरका, उंच, थोडा फाटलेला आवाज. पण त्यात काही घाई नव्हती. तिच्या मागे म्हणणाऱ्या दोन बायका होत्या, त्यांच्या दहा झाल्या. अर्ध्या तासात शेजारच्या पाड्यावरच्या बायका मिठागराच्या बांधावरून चालत आल्या, कोणाच्या कडेवर पोर, कोणाचे हात अजून मासळीचे. आपल्याच पाड्यावर कुठेतरी धवले लागलेत, असं त्यांना आधी वाटलं होतं. आवाज इतक्या लांब गेला होता. यजमान अडीचशे माणसांचं जेवण कसं पुरवायचं म्हणून डोक्याला हात लावून बसले, आणि त्याच वेळी आनंदाने रडतही होते, कारण त्यांच्या गेलेल्या आईला नाव घेऊन मारलेली हाक सगळ्या गावाने ऐकली होती.

त्या दिवसापासून म्हातारीने आम्हाला धरून ठेवलं. ज्या घरी लग्न असेल तिथे ती सांगायची की माझा भोंगा येईल तरच मी येईन. आमच्या सेटला ती कायम माझा भोंगा म्हणायची. आम्हीही शिकलो. धवले चालू असताना रेकॉर्ड नाही, आणि धवले संपल्यावर बायको अशी काही गाणी काढायची की म्हातारी स्वतः पोरींना नाचायला उठवायची. पाच-सहा गावांतलं प्रत्येक लग्न तिला आधी कळायचं, कधी कधी नवऱ्या मुलाच्याही आधी. आम्हाला कमिशन विचारणारं कोणी नव्हतं. तिला काही द्यावं म्हणून बायकोने एकदा विषय काढला, तर म्हणाली, घशाला गूळ दे. मग आम्ही सामानात गुळाची ढेप ठेवायला लागलो.

दोन हंगाम असे गेले. मग गावातल्या लोकांनाही हॉलचं वेड लागलं. ठाण्या-पनवेलकडचे व्याही पंखे, खुर्च्या आणि संडासाची सोय मागायला लागले, त्यात त्यांचंही चूक नव्हतं. एका घराने आमच्याच जुन्या हॉलमध्ये तारीख धरली. यजमानांनी सांगितलं की धवलारीण येणार आणि तिच्याबरोबर तिचा स्पीकर. व्यवस्थापक म्हणाले, बाहेरचा स्पीकर चालत नाही, हॉलचा ठरलेला माणूस आहे. म्हातारीच्या कानावर ते गेलं. रविवारी सकाळी ती आमच्या घरी हजर झाली. चहा प्याली, कप विसळून ठेवला, आणि बायकोला म्हणाली, चल, तो मानूस दाखव मना. मी जाऊ नये असं मला वाटत होतं, पण दोघी निघाल्या तेव्हा मागे राहणंही बरं दिसेना.

व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना ओळखलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. म्हातारी समोरच्या खुर्चीत बसली, पाय वर घेऊन, मांडी घालून. त्या गृहस्थांना कोणी तू म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"तुजा त्यो स्पीकरवाला," ती म्हणाली, "तुला काय देतो?"

त्यांनी आधी टाळलं. पण ती वाट बघत बसली, आणि तिला वाट बघता येत होती. शेवटी त्यांनी तिलाही तेच समजावलं, चपलांसकट. मी गिऱ्हाईक पाठवतो, त्याचे शंभरामागे पंधरा. यात गैर काही नाही, सगळेच देतात.

म्हातारीने मान हलवली. तिला ते पटलं होतं असं दिसलं. मग तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. पावण्यात दोन, तुर्भ्यात एक, कोपरखैरण्यात तीन, त्यातलं एक अजून पोरीच्या बापाला ठाऊक नाही. सहा लग्नं. सगळ्यांना हॉल पाहिजे, आणि सगळे तिला विचारूनच ठरवणार.

"सहाच्या सहा तुज्याकडं आनते," ती म्हणाली. "तुज्या भाड्यातलं शंभरामागं मना किती देशील?"

बायकोने तोंडाला पदर लावला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. व्यवस्थापकांनी चष्मा चढवला, पुन्हा काढला. स्पीकरचं भाडं कुठे आणि हॉलचं कुठे, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असणार, बँकेतला माणूस. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग, मला वाटतं स्वतःच्याही नकळत, ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले. म्हणाले, आजीबाई, तुम्ही बँकेत असतात तर माझी मॅनेजरकी गेली असती.

मग ठरलं ते असं. त्यांनी आमच्याकडून काही घ्यायचं नाही, म्हातारीने त्यांच्याकडून काही मागायचं नाही. स्पीकर ज्याला हवा त्याने आपला आणावा. एवढ्यावर म्हातारी उठणार होती, पण बायको पुढे झाली. तिने विचारलं की दारात एक फळा लावता येईल का, हॉलचं भाडं किती, स्पीकरचं किती, फुलांचं किती, ज्याचं त्याचं नाव घालून. लावू, म्हणाले. आठ दिवसांनी फळा लागला, आणि अक्षर त्यांचंच होतं, पासबुकात लिहितात तसं बारीक आणि सरळ. कॅसेट डेकवाल्याचा दरही त्यात होता, माझाही. तो नंतर माझा मित्र झाला. एकाच दिवशी दोन कामं आली की आम्ही एकमेकांकडे पाठवायला लागलो, फुकट.

हॉलमधल्या त्या पहिल्या लग्नात म्हातारीला स्टेजवर खुर्ची दिली तर ती बसेना. खुर्चीवरून देव येत नाहीत, म्हणाली. पाट आणला, माईकचा स्टँड बुटका केला. व्यवस्थापक ऑफिसातून खुर्ची उचलून दारात येऊन बसले आणि धवले संपेपर्यंत त्यांनी दोनदा वाजलेला फोन उचलला नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. ते तळकोकणातले, त्यांच्याकडे धवले वगैरे काही नाहीत. तरी ते पत्रिका घेऊन स्वतः म्हातारीच्या घरी गेले. त्यांच्या नात्यातल्या बायकांनी आधी भुवया उंचावल्या, मुलीची मामी तर हे काय नवीन म्हणाली. पण मुलीला हळद लावताना म्हातारीने त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून हाक मारली, व्यवस्थापकांच्या बायकोलाही, जी मुलगी लहान असताना वारली होती. तिचं नाव म्हातारीने आदल्या दिवशी कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. मामी उठली आणि म्हातारीच्या मागे बसून ओळी धरायला लागली, चुकीच्या, पण मोठ्याने.

धवले संपले तसं म्हातारीने बायकोला खूण केली. बायकोने हळदीच्या ढिगातली रेकॉर्ड लावली. इतक्या वर्षांत तिने शेकडो बायकांना नाचवलं होतं आणि स्वतः कधी टेबल सोडलं नव्हतं. म्हातारी पाटावरून उठली, सरळ चालत आली, आणि तिचा हात धरून तिला ओढून मांडवात घेऊन गेली. बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जा, मी बघतो. ती नाचली. चपला काढून, पदर खोचून, आमच्या मुलीला एका हाताने फिरवत, आणि मला कळलं की तिला हे सगळं येत होतं, फक्त ती इतके दिवस दुसऱ्यांसाठी पिन ठेवत होती.

गाणं संपत आलं. मी घाईने ट्रंकेत हात घातला, हाताला लागेल ती रेकॉर्ड लावली. ती पोरगी सासरी जातानाची निघाली. बायकोने नाचता नाचता मागे वळून पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि त्याच रडक्या गाण्यावर सगळ्या जणी तशाच नाचत राहिल्या.